शोधलं, की झडती घेतली?

'आय सर्च्ड यू एव्हरीव्हेअर,' मी म्हणाले, आणि समोरच्या माणसाने दोन्ही हात वर केले.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तांत्रिक कागदपत्रांची भाषांतरं करायचे. अजूनही करते, फक्त आता इतरांनी लिहिलेलं इंग्रजी तपासायचं कामही गळ्यात पडलंय. परदेशातले एक सहकारी काही महिने आमच्याबरोबर काम करत होते. एका मसुद्यावर त्यांची सही हवी होती आणि ते काही जागेवर सापडेनात. दोन मजले पालथे घातले, तेव्हा साहेब झेरॉक्स मशीनपाशी उभे. धापा टाकत मी वरचं वाक्य बोलले. माझ्या डोक्यात होतं, 'तुम्हाला सगळीकडे शोधलं.' तोंडून निघालं ते असं, की 'मी तुमच्या सर्वांगाची झडती घेतली.' हात तसेच वर ठेवून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी विचारलं, 'मग काही सापडलं का?'

मला विनोद कळायला संध्याकाळ झाली. तोही डिक्शनरी उघडल्यावर.

'सर्च' या क्रियापदाला थेट जोडून येते ती शोधायची जागा. खिसा, बॅग, घर, संशयित माणूस. जी वस्तू हवी आहे तिच्याआधी 'फॉर' लागतो. 'सर्च द बॅग' म्हणजे बॅग उचकटणं, 'सर्च फॉर द बॅग' म्हणजे हरवलेली बॅग शोधणं. मराठीत आपण 'किल्ली शोधली' म्हणतो आणि 'किल्लीसाठी सगळं घर शोधलं' असंही म्हणतो. घर हरवलेलं नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. इंग्रजी ही समज ऐकणाऱ्यावर सोडत नाही, त्या एवढ्याशा 'फॉर'वर सोपवते. आणि मी नेमका तोच गाळला होता.

त्या रात्री मी एक वही केली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. डाव्या बाजूला क्रियापद, त्याला चिकटून त्याचं शेपूट, आणि उजवीकडे एक पूर्ण वाक्य. 'शेपूट' हा माझा शब्द. व्याकरणात त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात हे मला माहीत आहे, पण आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं आणि इंग्रजीतलं नामाच्या पुढे उभं राहतं. 'प्रीपोझिशन' या नावाचा अर्थच मुळी 'पुढे ठेवलेलं'. मला मात्र ते पुढच्या नामापेक्षा मागच्या क्रियापदाचं जास्त वाटतं. कुत्रा कोणता हे जसं कधीकधी शेपटीवरून ओळखतात, तसं 'लुक' कोणतं हे शेपटीवरूनच कळतं. 'ॲट' लागला तर बघणं, 'फॉर' लागला तर शोधणं, 'आफ्टर' लागला तर सांभाळणं, 'इंटू' लागला तर चौकशी करणं.

वहीचं पहिलं पान भरलं ते मात्र बिनशेपटीच्या क्रियापदांनी. कारण माझ्या सगळ्यात जास्त चुका तिथे होत्या. गाळण्याच्या नव्हेत, जास्तीचं चिकटवण्याच्या. एका अहवालात मी 'डिस्कस्ड अबाउट' अकरा वेळा लिहिलं होतं. तपासणाऱ्याने अकराही वेळा 'अबाउट' लाल शाईने खोडला होता आणि शेवटच्या खोडीवर शाई जरा जास्तच दाबली होती. 'रिक्वेस्टेड फॉर', 'रीच्ड टू', 'एंटर्ड इन द रूम', 'एम्फसाइज्ड ऑन', 'मॅरीड विथ' ही सगळी तिथलीच मंडळी.

हे आपण करतो याचा दोष लोक सरसकट मराठीला देतात. 'बद्दल चर्चा केली' मधला 'बद्दल' म्हणजेच 'अबाउट', झालं. मीही बरीच वर्षं हेच मानत होते. पण 'डिस्कस अबाउट' आपल्याकडेच नव्हे, आफ्रिकेत आणि आग्नेय आशियातही ऐकू येतं, आणि त्या सगळ्यांच्या मातृभाषेत 'बद्दल' असणं काही शक्य नाही. मग एकदा वहीतलं तेच पान बघता बघता मला दुसरी गोष्ट दिसली. 'डिस्कस'ला शेपूट नाही, पण 'डिस्कशन'ला आहे. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' अगदी बरोबर. 'रिक्वेस्ट' क्रियापद असेल तर 'फॉर' नको, नाम असेल तर 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'एम्फसाइज'ला काही नको, 'एम्फसिस ऑन' हवं. 'लॅक' क्रियापद असताना 'ही लॅक्स एक्सपीरियन्स', नाम झालं की 'अ लॅक ऑफ एक्सपीरियन्स'. 'आन्सर'चंही तेच, 'कॉन्टॅक्ट'चंही तेच.

म्हणजे शेपूट खरंच होतं. आपण ते नामाचं उपटून क्रियापदाला डकवत होतो.

आणि यात इंग्रजीचा लहरीपणा मुळीच नाही, कारण मराठी हेच करते. 'पुस्तक वाचते' असं आपण म्हणतो, पण क्रियापदाचं नाम केलं की 'पुस्तकाचं वाचन'. 'चा-ची-चे' कुठून आलं? नामाला क्रियापदासारखं थेट कर्म धरून ठेवता येत नाही, मध्ये कुणीतरी हात द्यावा लागतो. मराठीत तो हात बहुतेक वेळा षष्ठी देते, इंग्रजीत प्रत्येक नामाचा मदतनीस वेगळा. हे मला कुणी शाळेत असं सांगितलं असतं तर अकरापैकी निदान सहा 'अबाउट' वाचले असते.

मराठी खरोखर आडवी येते ती दुसऱ्या प्रकारात. तिथे शेपूट असतं, पण आपण भलतंच लावतो. 'मॅरीड विथ' घ्या. 'त्याच्याशी लग्न' यातला 'शी' सरळ 'विथ' होऊन बसतो. इंग्रजीत क्रियापद 'ही मॅरीड हर' असं शेपटाशिवाय चालतं, आणि स्थिती सांगायची असेल तर 'ही इज मॅरीड टू हर'. आपला 'शी' मोठा उदार आहे. बोलणं त्याच्याशी, वागणं त्याच्याशी, लग्न त्याच्याशी आणि भांडणही त्याच्याशीच. लग्न आणि भांडण एकाच प्रत्ययावर भागवणारी आपली भाषा आहे, यावर मी फार बोलत नाही.

पण या बाबतीत इंग्रजीलाही हसायची सोय नाही. जुन्या इंग्रजीत 'विथ' या शब्दाचा मुख्य अर्थच 'विरुद्ध' असा होता. 'बरोबर' या अर्थासाठी तेव्हा 'मिड' हा वेगळा शब्द होता. तो पुढे मेला आणि त्याचं काम 'विथ'ने गिळलं. जुना अर्थ 'विथस्टँड'मध्ये आजही शाबूत आहे, म्हणजे विरुद्ध उभं राहणं, तग धरणं. आणि 'फाइट विथ'मध्येही. म्हणूनच 'ही फॉट विथ द सोल्जर्स' वाचलं की हा माणूस सैनिकांच्या बाजूने लढला की त्यांच्याविरुद्ध, ते पुढचं वाक्य वाचेपर्यंत कळत नाही. असं वाक्य माझ्याकडे तपासायला आलं तर मी लिहिणाऱ्याला फोन करते. अंदाज करत नाही.

जुनी इंग्रजी ही आपल्यासारखीच विभक्तींची भाषा होती, हे मला फार उशिरा कळलं. नामांना प्रत्यय लागायचे आणि कोण कुणाला काय करतोय हे त्यावरून समजायचं. काही शतकांत ते प्रत्यय झिजले. 'स-ला-ते, स-ला-ना-ते' असं आपण घोकलं तसलं कोष्टक त्यांच्याकडेही होतं, ते मोडलं. मोडल्यावर जे नातं दाखवायचं राहिलं ते काम दोन गोष्टींनी उचललं. एक शब्दांचा क्रम, आणि दुसरी ही चिमुकली अव्ययं. आधी ती जागा आणि दिशा सांगायची, आता त्यांच्यावर राग, भीती, आरोप, सहमती असं वाट्टेल ते ओझं पडलं. वीस-पंचवीस हमालांवर अख्ख्या गावाचं सामान लादल्यावर कुणाच्या डोक्यावर कुणाचं गाठोडं, याचा हिशेब नीट लागणार नाहीच.

काही गाठोडी मात्र छान जुळतात, आणि वहीत मी ती हिरव्या शाईने लिहिली आहेत. 'पासून' आणि 'फ्रॉम' तर सख्खे भाऊच. रोखणं, वाचवणं, परावृत्त करणं, लपवणं, सगळ्यांना मराठीत 'पासून' आणि इंग्रजीत 'फ्रॉम'. 'डिपेंड ऑन' आणि 'वर अवलंबून' ही जोडी तर माझी लाडकी. 'डिपेंड' ज्या लॅटिन धातूवरून आलं त्याचा अर्थ लटकणं, त्याच घरातून 'पेंड्युलम' आला. आपलं 'अवलंबून' संस्कृत 'लंब्' धातूचं, अर्थ तोच, लटकणं, आणि पेंड्युलमला आपण म्हणतो लंबक. दोन्ही भाषांना परावलंबी माणूस लटकलेला दिसला, आणि दोघींनीही त्याला पुढे 'वर' दिलं, 'खाली' नाही. लटकणारा वर कसा, हे दोघींपैकी कुणालाच विचारू नये.

'ॲट'चं पान मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे थोडाफार नियम सापडतो. क्रियापदाच्या मागे 'ॲट' आला की बहुधा नेम धरलेला असतो. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याच्याकडे टाकणं, त्याने झेलावा म्हणून. 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून. 'शाउट टू' म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडणं, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणं. मराठीत हा फरक स्वच्छ आहे. 'कडे' निराळं, 'अंगावर' निराळं. फक्त आपण इंग्रजी बोलताना तो मागे ठेवून येतो. 'शॉट हिम' म्हणजे गोळी लागली. 'शॉट ॲट हिम' म्हणजे झाडली, लागली की नाही ते सांगितलेलं नाही. एवढ्या एका अक्षराच्या जागेत एक माणूस जिवंत राहू शकतो. अपघात, चौकशी, पोलीस असल्या विषयांचा मजकूर आला की मी 'ॲट'वर बोट ठेवूनच वाचते.

आरोपांचीही तऱ्हा बघा. 'अक्यूज' केलं तर 'ऑफ', 'चार्ज' केलं तर 'विथ', नुसता दोष दिला तर 'ब्लेम फॉर'. यात मला काही तर्क सापडला नाही, पाठ केलं. सहमतीचंही पाठच केलं. माणसाशी 'अग्री विथ', प्रस्तावाला 'अग्री टू', मुद्द्यावर 'अग्री ऑन'. आता बघते तर मराठीत तिथे 'शी', 'ला', 'वर' असे तीन वेगळे प्रत्यय आधीच बसलेले आहेत. पाठ करायची गरजच नव्हती. हे मात्र चिडवणारं आहे.

'लुक फॉरवर्ड टू मीट यू' ही चूक मी जितकी खोडते तितकी दुसरी कुठलीच नाही. इथला 'टू' क्रियापदाचा नाही, तो प्रीपोझिशन आहे, म्हणून त्याच्यापुढे 'मीटिंग' हवं. माझी चाचणी साधी आहे. 'टू'च्या पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' चालतं ना? मग तिथे क्रियापदालाही नामाचे कपडे घालूनच जावं लागेल. मराठीत 'भेटायला' आणि 'भेटण्याकडे' यात जो फरक, तोच. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', आणि सवय असण्याच्या अर्थाचं 'बी यूज्ड टू', सगळ्यांना हीच चाचणी लागते. पूर्वी करायचो आता करत नाही या अर्थाचं 'यूज्ड टू' मात्र वेगळं, तिथे साधं क्रियापद. दोन्ही दिसायला जुळी असल्यामुळे मीसुद्धा अजून क्षणभर थांबते.

माझा मुलगा हे सगळं न थांबता बोलतो. तो इंग्रजीतच शिकला. लहान असताना मी त्याला विचारायचे, 'इथे ऑफ का रे? फ्रॉम का नाही?' तो म्हणायचा, 'आई, ते तसंच असतं.' मला फार राग यायचा. तसंच म्हणजे कसं? तेव्हा मी त्याला आळशी समजत होते.

मग ते झडतीवाले सहकारी मराठी शिकायला लागले आणि माझी पाळी आली.

एकदा ते म्हणाले, 'मी तुमच्यासाठी वाट बघत होतो.' मी सांगितलं, 'तुमच्यासाठी' नाही, 'तुमची वाट'. त्यांनी विचारलं, वाट म्हणजे काय? म्हटलं, रस्ता. ते थोडा वेळ गप्प बसले. 'म्हणजे माणूस येणार असेल तर तुम्ही माणसाकडे बघत नाही, त्याच्या रस्त्याकडे बघता?' पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या वाटा बघत होते, आणि त्यात खरोखरची वाट आहे हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. 'त्याला घाबरतो' पण 'त्याच्यावर रागावतो', असं का? भीती माणसाला आणि राग माणसावर? बरं, रागावणं 'त्याच्यावर', पण राग येतो तो 'त्याचा'. प्रेम 'वर', विश्वास 'वर', संशयही 'वर', आणि मत्सर मात्र 'चा'? 'त्याला हसले' म्हणजे टिंगल, 'त्याच्याकडे बघून हसले' म्हणजे ओळख दाखवली. एवढा मोठा फरक एका 'ला'वर कसा सोडता? मी उत्तरं जुळवायचा प्रयत्न केला. रागाचा भार समोरच्यावर पडतो म्हणून 'वर', असं काहीतरी. मग प्रेमाचाही भार पडतो का, असं त्यांनी विचारलं. त्यावर मी जे म्हणाले ते ऐकून माझा मुलगा आतल्या खोलीतून हसला असता. मी म्हणाले, 'ते तसंच असतं.'

बाहेरून आलेल्याला हे जड जाणार, हे इंग्रजांना ठाऊक नव्हतं असं नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय, की क्रियापदाला लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही जी रीत आहे, तिचा परक्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. पण त्रासावर नेमका इलाज करायला आणखी दोनेक शतकं लागली, आणि तो केला जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी या मास्तरांनी. शिकणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळला तरी वाक्य जमत नाही, हे त्यांनी वर्गात बघितलं होतं. म्हणून दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी असा कोश केला, ज्यात क्रियापद कोणत्या साच्यात बसतं आणि त्याच्यापुढे काय येतं हेही दिलं होतं. तो 1942 मध्ये जपानमध्ये निघाला, ऐन युद्धात. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो काढला आणि पुढे तो जगभर गेला. माझी दोनशे पानी वही म्हणजे त्याच कामाची गरीब आवृत्ती, हे कळल्यावर मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं.

आता विचाराल, संगणक तपासतो ना हे सगळं? तपासतो, 'डिस्कस अबाउट'खाली रेघ मारतोही. पण 'आय सर्च्ड यू एव्हरीव्हेअर' त्याला टाकून बघा. व्याकरणात चूक नाही. झडती घेणारी बाई असू शकते, तिचं वाक्य बरोबरच आहे. जिथे चुकीचं शेपूट लावल्यावर वाक्य मोडत नाही, उलट दुसराच धडधाकट अर्थ देतं, तिथे रेघ येईलच याचा भरवसा नाही. तिथे मी अजून वहीच उघडते.

आणि कधीकधी वहीही पुरत नाही, कारण उत्तर एक नसतं. अमेरिकन माणूस 'प्रोटेस्ट द डिसिजन' लिहितो, ब्रिटिश 'प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन'. अमेरिकन फॉर्म 'फिल आउट' करतो, ब्रिटिश बहुतेक 'फिल इन' करतो. 'राइट मी' अमेरिकेत चालतं, ब्रिटनमध्ये 'राइट टू मी' अपेक्षित असतं. एकाच कागदात दोन्ही आले तर मी एक खोडते, कोणतं ते वाचणारा कोण यावर ठरतं. 'कोप अप विथ'मधला 'अप' मात्र मी नेहमी खोडते, पण खरं सांगायचं तर शाई न दाबता. तो 'अप' 'कीप अप विथ'कडून आला असावा. अर्थ कुणाचा बिघडत नाही. घरी फोनवर बोलताना तो मीच वापरते.

परवा त्या सहकाऱ्यांचा बऱ्याच दिवसांनी मेल आला, अख्खा मराठीत. मी एका मजकुरावर त्यांचं मत मागितलं होतं, त्यावर त्यांनी मलाच चार प्रश्न विचारले होते. शेवटची ओळ होती, 'मी तुमच्या उत्तराकडे पुढे बघतो.'

मी लिहिलं, 'इथेही वाट बघतो म्हणायचं.'

'कुणाची?'

'उत्तराची.'

'उत्तरालासुद्धा रस्ता असतो?'

'असतो,' मी लिहिलं, आणि त्यांच्या चार प्रश्नांपैकी पहिला वाचायला घेतला.